पाच कॉम्प्युटरांचा शिपाई

घरच्या कॉम्प्युटरला अँटीव्हायरस घ्यायचा, हा निर्णय माझा. आमच्या घरात निर्णयांची वाटणी सोपी आहे. ज्याचं पुढे चांगलं होतं तो माझ्या बायकोचा, उनाइसीचा असतो आणि ज्याचं वाटोळं होतं तो माझा. त्यामुळे हा कुणाचा, याबद्दल फिजीतल्या आमच्या सगळ्या नाउसोरीत कुणालाच शंका नाही.

खरं म्हणजे कॉम्प्युटरही माझा नव्हे. तो आमच्या सेरूचा. सेरू नोकरी लागून लाउटोकाला गेला आणि जाताना, शेजाऱ्याकडे मांजर ठेवून जावं तसा, कॉम्प्युटर आमच्याकडे ठेवून गेला. "बाबा, खुशाल वापरा," तो म्हणाला, "फक्त पडद्यावर काही विचारलं तर होय म्हणू नका." आता ज्याचा सगळा जन्म घरी बायकोला आणि कचेरीत साहेबाला होय म्हणण्यात गेला, त्याला हे सांगून काय उपयोग?

व्हायचं तेच झालं. दोनचार महिन्यांत कॉम्प्युटरच्या अंगात यायला लागलं. आपोआप बंद पडायचा, आपोआप सुरू व्हायचा. मधूनच पडद्यावर एक बाई उगवायची आणि मला बक्षीस म्हणून मोटार लागल्याचं हसत हसत सांगायची.

"ही कोण?" उनाइसीने विचारलं.

"मला काय माहीत?"

"मग तिला तुमचं नाव कसं माहीत?"

"अगं, ती सगळ्यांनाच सांगते."

"सगळ्यांना मोटार देते? आणि तुम्ही अजून कचेरीत बसने जाता?" तिने हात पुसले आणि आवाज खाली आणला. उनाइसीचा आवाज खाली आला की मी उठून उभा राहतो. "हे बघा, सेरूचे बाबा, त्यात माझं गाणं आहे. त्याला धक्का लागला तर तुम्ही, तुमची मोटार आणि ती बाई, तिघंही घराबाहेर."

गाण्याचं सांगायला हवं. उनाइसी आमच्या चर्चच्या गायकवृंदाची प्रमुख. दर ऑगस्टात सुव्याला वार्षिक मेळावा भरतो, गावोगावचे गायकवृंद येतात, आणि स्पर्धा अशी चुरशीची होते की देवालासुद्धा त्या दिवसांत कुणाची बाजू घ्यायची सोय नसते. दर वर्षी लामीचा वृंद पहिला येतो. आम्ही दुसरे, तिसरे, एकदा तर भाग घेतल्याबद्दल आभार. इतकी वर्षं उनाइसीने दुसऱ्यांची गाणी बसवली. या वर्षी मात्र तिने स्वतः रचलं. तिची आई इथल्या रेवा नदीत गळाभर पाण्यात उभी राहून पायांनी चिखल चाचपायची आणि बुडी मारून शिंपले काढायची. त्यावर सात पोरं वाढली. त्या आईवरचं गाणं. चार आवाजांत, सारेगमच्या अक्षरांत, एका बोटाने टाइप केलेलं. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं, आणि मी सहसा फक्त रग्बीत हरल्यावर रडतो.

तेव्हा शनिवारी मी सुव्याला गेलो आणि कॉम्प्युटरच्या दुकानात शिरलो. फळीवर खोकीच खोकी. प्रत्येकावर ढाल, कुलूप, नाहीतर वाघ. मी एक तास उभ्याने वाचत होतो. एक खोकं म्हणे चोर पकडतं, दुसरं म्हणे चोर यायच्या आधीच पकडतं, तिसऱ्याच्या मते पहिली दोन खोकीच चोर.

"किती कॉम्प्युटरांसाठी?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"एक."

"एकाचा आणि पाचांचा, दोन्ही आहेत. भावात फारसा फरक नाही."

बस. इथेच माझी मती फिरली. भाव जवळजवळ तोच असताना एकच घेणारा माणूस मूर्ख, असं मला वाटलं. ज्या खोक्यावर भाला घेतलेला शिपाई होता ते पाचाचं खोकं मी उचललं आणि बसमध्ये मांडीवर ठेवून घरी आणलं.

"बाकीचे चार कुणासाठी?" उनाइसीने विचारलं.

"असू देत. पुढेमागे लागतील."

लागले. पुढेमागे नव्हे, सोमवारीच.

त्याचं असं झालं की रविवारी चर्चनंतर यांगोना, म्हणजे मुळं कुटून पाण्यात कालवलेलं आमचं पेय, प्यायला नेहमीची मंडळी मांडवात जमली होती. चार वाट्या पोटात गेल्यावर जीभ बधिर होते असं म्हणतात, पण माझी उलट सुटते. मी शिपायाचं वर्णन केलं. तो रात्रंदिवस जागतो, पेन ड्राइव्ह आला की अंगझडती घेतो, त्या मोटारवाल्या बाईला त्याने एका फटक्यात हाकललं. आणि तोऱ्यात म्हणालो, "एक नाही, पाच आहेत माझ्याकडे."

त्या मांडवात एक शांतता पसरली. आमच्याकडची कुठलीही शहाणी बाई त्या शांततेचा अर्थ सांगेल. अर्थ असा, की आता मागायला येणार.

केरेकेरे ही आमची रीत. माणसाने नम्रपणे येऊन, चटईवर बसून, एखादी वस्तू मागितली की ती द्यायची. कुऱ्हाड असो, होडी असो, अंगातला शर्ट असो. नाही म्हणता येत नाही. म्हणजे येतं, पण मग तुमच्या मयताला कोण येईल याचा हिशेब आधी करून ठेवावा. ज्याच्याकडे एकाला दोन असतात तो माणूस आमच्याकडे श्रीमंत नसतो, तो फक्त अजून सापडलेला नसतो. आणि मी पाच असल्याचं भर मांडवात ओरडून सांगितलं होतं.

पहिली आली ताराइवीनी आत्या. बापाची बहीण, म्हणजे तिच्यासमोर मी उभासुद्धा राहायचं नाही, गुडघ्यांवर सरकत जायचं. ती चटईवर बसली, माझ्या तब्येतीची, कोंबड्यांची, सेरूच्या लग्नाची चौकशी केली आणि मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाळा, तुझ्याकडे म्हणे शिपाई आहेत."

"आहेत, आत्या."

"माझं मेलीचं काय, म्हातारीचा कॉम्प्युटर. कुणी येऊन काही केलं तर कळायचंही नाही."

"एक घेऊन जा, आत्या."

"तू देतोयस म्हणून घेते हो."

शिपाई नेण्यासाठी खात्याचा पासवर्ड लागत होता. पासवर्ड मी उनाइसीचं नाव ठेवला होता, तिला बरं वाटावं म्हणून. आत्याला तो सांगितला. त्याच्याबरोबर ज्या ईमेलवर खातं होतं तोही सांगितला, कारण ती म्हणाली, "सगळं एकदाच सांग बाबा, मी पुन्हापुन्हा कुठे येऊ?" पासवर्ड कुणालाही सांगू नये असं खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ते छापणाऱ्याला आत्या नसावी.

मंगळवारी पाद्रीसाहेब आले. त्यांचे सगळे उपदेश कॉम्प्युटरात होते आणि सैतान कुठूनही शिरू शकतो, असं ते म्हणाले. मी दिला. बुधवारी कोपऱ्यावरचा दुकानदार मुनसामी आला. मुनसामीचे पणजोबा उसाच्या मळ्यात काम करायला हिंदुस्थानातून आले होते, मी त्याला म्हटलं, "अरे, केरेकेरे आमची रीत, तुझी कुठे?" तर तो म्हणाला, "शंभर वर्षं तुम्ही माझ्या दुकानात येऊन केरेकेरे करताय. एकदा मी केलं तर बिघडलं?" तिसरा त्याला दिला. चौथा गेला वेरेनिकीकडे.

वेरेनिकी ताराइवीनी आत्याचाच मुलगा, माझा आतेभाऊ. आमच्याकडे आतेभाऊ-मामेभाऊ म्हणजे एकमेकांची टर उडवायचा जन्मसिद्ध हक्क. त्याने चटईवर बसण्याचीही तसदी घेतली नाही. दारातूनच म्हणाला, "ए टकल्या, माझा शिपाई दे."

"तुझ्याकडे कॉम्प्युटर तरी आहे का?"

"घेईन कधीतरी. तोवर शिपाई बसून राहील. तू नाही का कचेरीत बसत?"

(तो शिपाई त्याने शेवटी आपल्या मुलीच्या फोनवर बसवला.)

असो. चार गेले तरी एक माझा होता, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटत होता. शिपाई कामाला वाघ. इतका, की त्याला कुणावरच विश्वास नव्हता. सेरूच्या लहानपणीच्या फोटोंवर त्याने संशय घेतला. माझ्या कचेरीच्या पत्रावर घेतला. आणि मेळाव्याच्या आठवड्यात, सोमवारी, उनाइसी सरावाहून पेन ड्राइव्ह घेऊन आली. तो पेन ड्राइव्ह म्हणजे आमच्या वृंदाची सार्वजनिक यांगोनाची वाटी. शाळेत, कचेरीत, पाद्रीसाहेबांकडे, सगळीकडे फिरून आलेला. तिने तो लावला, गाण्याचं शेवटचं कडवं दुरुस्त केलं, आणि शिपायाने भाला उगारला. पडद्यावर लाल पाटी आली. त्या फाइलला रोग लागलाय, तिला क्वारंटाइन केलंय.

"म्हणजे कुठे ठेवलंय?" उनाइसी.

"आतच आहे. कोंडून ठेवलंय फक्त. थांब, सोडवतो." मी बाही सरसावून पासवर्ड टाकला.

पासवर्ड चुकीचा.

पुन्हा टाकला. चुकीचा. बायकोचं नाव चुकायला लागलं की माणसाला घाम फुटतो, आणि इथे तर बायको मागे उभी. मग खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ दिसली. या कॉम्प्युटरचा परवाना काढून घेण्यात आला आहे. कोंडलेल्या फाइली हव्या असतील तर खातेदाराशी संपर्क साधावा.

"खातेदार कोण?"

"मी," मी म्हणालो.

"मग साधा की संपर्क."

शुक्रवारी सकाळी परीक्षकांना गाण्याच्या छापील प्रती द्यायच्या होत्या. नाहीतर नाव बाद. वृंदाने गाणं कानानेच उचललेलं, त्यामुळे कागद कुणाकडेच नव्हता. उनाइसी ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "सूर माझ्या डोक्यात आहे. पण चारी आवाज, सगळी कडवी, पुन्हा? मला नाही आठवायचं तसं." मग स्वयंपाकघरात जाऊन तिने अळूची पानं चिरायला घेतली. डोळ्यांतलं पाणी पुसत होती. अळू चिरताना डोळ्यांत पाणी येत नाही, एवढं मलाही कळतं. मला माझी इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

कंपनीला फोन केला. तिथे बराच वेळ वाजंत्री ऐकवली आणि मग एका मुलाने सांगितलं, की कोंडलेली फाइल फक्त त्याच खात्यातून सुटते, नवीन खोकं घेऊन उपयोग नाही, आणि पासवर्ड बदलल्याची सूचना ईमेलवर पाठवलेली आहे. तो ईमेलही आता उघडेना. त्याचाही पासवर्ड उनाइसीच होता.

वेरेनिकी मदतीला आला. म्हणजे उकडलेल्या अळकुड्या आणि डब्यातले मासे खायला आला आणि खाता खाता मदत केली. "चोराला पकडायला चोर लागतो," तो म्हणाला, "आणि शिपायाला पकडायला दुसरा शिपाई." त्याने कुठूनसा एक फुकटचा अँटीव्हायरस आणला होता, तो बसवला. पाच मिनिटं शांतता. मग नव्याने जुन्याला विषाणू म्हणून अटक केली. जुन्याचा परवाना गेला असला तरी हिंमत गेली नव्हती. त्याने नव्याला अटक केली. दोघं एकमेकांच्या छातीवर बसले आणि कॉम्प्युटर तापून विमानासारखा घरघरायला लागला.

"बंद कर!" मी ओरडलो.

"थांब रे, कोण जिंकतंय बघू."

मी वायर ओढली. उनाइसी दारात येऊन बघून गेली.  मी नव्याला कसंबसं काढून टाकलं, जुन्याला पुन्हा उभं केलं, कारण गाण्याची किल्ली त्याच्या कमरेला होती.

आता शोध सुरू झाला. पाद्रीसाहेबांनी बायबलवर हात ठेवून सांगितलं की ते नव्हेत. मुनसामीने बायबल नव्हतं म्हणून गल्ल्यावर हात ठेवला. मग मी गुडघ्यांवर सरकत आत्याकडे गेलो.

"पासवर्ड?" आत्या म्हणाली. "हो, दिला की मी. माझ्या मामेबहिणीच्या जावयाने मागितला. गोड माणूस. अशी नम्र विनंती केली त्याने! नाही कसं म्हणणार?"

"कोण जावई, आत्या?"

"पाउलियासी. तो लामीचा, गाणी बसवतो तो."

माझ्या पायातलं बळ गेलं. (बरं झालं मी आधीच गुडघ्यांवर होतो.) पाउलियासी लामीच्या वृंदाचा प्रमुख. दर वर्षी आमच्या नाकावर टिच्चून पहिल्या नंबरची ढाल नेणारा. उनाइसीचं गाणं अशा शिपायाने कोंडलं होतं, ज्याचा लगाम पाउलियासीच्या हातात होता.

"आता?" मी घरी येऊन विचारलं.

"आता काय?" उनाइसी म्हणाली. "मागायला जायचं."

"माझाच अँटीव्हायरस मी मागायला जायचं?"

"तुमचा होता तेव्हा तुम्ही काय उजेड पाडलात?"

गुरुवारी सकाळी आम्ही लामीला निघालो. मी, उनाइसी, आणि बोलणी करायला वेरेनिकी. कारण असल्या प्रसंगी आपण स्वतः तोंड उघडायचं नसतं. बाजारातलं सगळ्यांत जाडजूड यांगोनाचं मूळ वर्तमानपत्रात बांधून घेतलं. लामीच्या चर्चच्या सभागृहात पाउलियासी चटईवर बसला होता, त्याच्याभोवती त्याचा सगळा वृंद. सराव मोडून आमच्यासाठी बसले होते. आम्ही दारापासून वाकत गेलो, मांड्या घातल्या, मूळ पुढे ठेवलं. वेरेनिकीने घसा साफ केला. एरवी हा माणूस मला टकल्या म्हणतो, पण विधीला बसला की त्याच्या तोंडी साक्षात पूर्वज येऊन बसतात.

"लामीच्या या थोर घराच्या उंबऱ्याशी आम्ही आलो आहोत. हातात आहे ते अगदीच किरकोळ, वाळकं मूळ. त्याला यांगोना म्हणायचीही आम्हाला लाज वाटते. आमचे पूर्वज होड्या वल्हवत या किनाऱ्याला येत. मीठ मागत, मासे मागत, मुली मागत." लामीच्या बायका खुसखुसल्या. "आज काळ बदलला. आज आम्ही मागायला आलो आहोत..." इथे तो अडला आणि तोंडाच्या कोपऱ्यातून मला म्हणाला, "काय म्हणतात रे त्याला?"

"परवाना."

"परवाना! एका शिपायाचा परवाना! जो खरं म्हणजे आमचाच आहे."

मी त्याला मांडीत चिमटा काढला.

"...जो आपल्या छायेत सुखाने नांदतो आहे," वेरेनिकीने सूर न बदलता वाक्य पुरं केलं.

पाउलियासीने मूळ हातात घेतलं, सगळ्यांनी खोलगट तळव्यांनी टाळ्या दिल्या, म्हणजे विनंती स्वीकारली. मग तो माझ्याकडे वळला. मोठा देखणा माणूस, पांढरे केस, कमरेला इस्त्रीचा सुलू, म्हणजे आमची लुंगी.

"एमोसी, मला माफ कर. मला शिपाई हवा होता आणि यादीत जागा नव्हती. 'एमोसीचं घर' असं एक नाव दिसलं. मला वाटलं, कुणी परका घुसलाय. काढून टाकला."

"आणि पासवर्ड?" न राहवून मी तोंड उघडलंच.

"तो बदलला, ईमेलचाही. अरे, फार लोकांना माहीत झाला होता तो. फार धोक्याचं असतं." त्याने काळजीने मान हलवली. "नवा आहे 'लामीपहिला'. कुणाला सांगू नकोस हं."

हे त्याने तीस गायकांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं.

उनाइसीने सुटकेचा श्वास टाकला. मी उठायला लागलो. तेवढ्यात पाउलियासी म्हणाला, "आता आलाच आहात, तर माझीही एक विनंती आहे."

आम्ही तिघं पुन्हा बसलो.  मला वाटलं, हा गाणंच मागणार. मागितलं तर द्यावं लागणार. आईचं गाणं, रेवा नदीचं गाणं, लामीच्या तोंडी.

"माझे दोन बास, खालच्या पट्टीत गाणारे, गेले," पाउलियासी म्हणाला. "ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला. परवा स्पर्धा. खालचा आवाज पातळ झालाय. तुमच्याकडे बास पुष्कळ आहेत. बहिणी, एक दे."

आता आमच्या वृंदातला खरा बास म्हणजे इलाइतिया. बंदरावर काम करतो. तो गायला लागला की बाकांची लाकडं थरथरतात. तो गेला तर आमचं गाणं पायच हरवून बसणार. मीही बासच गातो. आवाज खडा, जोरकस, आणि इतरांची वाट न बघणारा. उनाइसीने मला नेहमी शेवटच्या रांगेत खांबामागे उभं केलेलं असतं, कारण (ती म्हणते) माझ्या आवाजाला भिंतीचा आधार लागतो.

उनाइसीने माझ्याकडे बघितलं. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पाउलियासीभाऊ," ती म्हणाली, "मागितलंत ते बाहेरचं कशाला देऊ? घरातलं देते. माझा नवरा घ्या."

सभागृहात हुंदका ऐकू आला. लामीची एक म्हातारी डोळे पुसत होती. पाउलियासीचेही डोळे भरून आले. "स्वतःचा नवरा!" तो म्हणाला. "स्पर्धेला दोन दिवस असताना! बहिणी, असं मन आम्हाला कधी येईल?"  माझ्या बायकोने गाण्यासाठी एवढा मोठा त्याग करावा! मी तिच्याकडे बघितलं, पण तिने मान खाली घातली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. वेरेनिकी तर चटईत तोंड खुपसून बसला होता. मला वाटलं, तोही.

गाणं सुटलं. शुक्रवारी सकाळी परीक्षकांच्या टेबलावर प्रती पोचल्या. शनिवारी मी लामीच्या इस्त्रीच्या सुलूत, लामीच्या पहिल्या रांगेत उभा होतो. पहिल्या! इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर खांब नव्हता. आधी नाउसोरीची पाळी आली. उनाइसीने हात वर केला आणि तिची आई नदीत उतरली. चौथ्या कडव्याला इलाइतियाचा आवाज खाली, तळाशी, चिखलापर्यंत गेला, आणि मंडपातल्या हजारो माणसांनी हातातले पंखे हलवायचे थांबवले. मी परक्या रांगेत उभा राहून उघडउघड रडलो. मला त्या बाईचा नवरा असल्याचा इतका आनंद झाला की लामीची पाळी आली तेव्हा तो सगळा मी आवाजात ओतला.

मी थोडा आधी सुरू झालो असेन. सगळे म्हणतात, एक ओळ आधी. पण जे गायलो ते मोकळ्या गळ्याने गायलो. परीक्षकांपैकी एकाने चष्मा काढून मंडपाच्या छताकडे बघितलं. पाउलियासीचा हात हवेत होता तो तिथेच राहिला.

नाउसोरी पहिली आली. लामीचं नाव बरंच खाली, भाग घेतल्याबद्दल आभारांत निघालं.

सोमवारी सकाळी पाउलियासी आमच्या दारात. मागे चार माणसं, मधे मी, कारण मेळावा संपला तरी रीतीप्रमाणे मी अजून लामीचाच होतो आणि दोन दिवस तिकडेच जेवत होतो. या वेळी त्याने यांगोनाचं मूळ आणलं नव्हतं. व्हेल माशाचा दात आणला होता. तो आमच्याकडे लग्न ठरवताना काढतात, मयताला काढतात, नाहीतर फारच मोठी गोष्ट मागायची असेल तेव्हा. तो दोन्ही हातांत धरून पाउलियासी चटईवर बसला.

"बहिणी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच कापत होता, "तुझी ढाल तुला लखलाभ. अँटीव्हायरसचे पाचही परवाने परत देतो, पासवर्डही परत देतो. माझी एकच विनंती. हा माणूस परत घे."

उनाइसीने दाताकडे बघितलं. हातात घेतला की विनंती मान्य करावी लागते, म्हणून तिने हात पाठीमागे घेतले.

"पाउलियासीभाऊ," ती अतिशय मऊ आवाजात म्हणाली, "घरी जेवायला, झोपायला खुशाल राहू देत ते. पण गाण्यासाठी एकदा दिलेलं माणूस परत घ्यायची आमच्यात पद्धत नाही."

पाउलियासीने मग रस्त्यात भेटेल त्या वृंदाच्या प्रमुखाला मला देऊन बघितलं. तेव्हापासून मी कुठल्याच वृंदाचा नाही. रविवारी चर्चच्या मागच्या अंगणात आत्यांसाठी चुलीवर पाणी तापवत बसतो आणि कुणीतरी मागायला येईल म्हणून वाट बघतो. आमच्याकडे लोक कुऱ्हाड मागतात, होडी मागतात, अंगातला शर्ट मागतात, अँटीव्हायरसचा पासवर्ड तर अजूनही आठवड्याला दोघं मागतात. मला मात्र कुणी मागत नाही.